शेपटीकडचे चाक



प्रवासवर्णनांच्या कपाटात विमानप्रवासाची पुस्तके पुष्कळ असतात. परंतु त्यांतला प्रवासी बहुधा खिडकीशी बसलेला असतो. विमान कोणाचे, ते सांभाळतो कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे : जुन्या बांधणीचे, दोन माणसांचे लहानसे विमान, आणि ते रानावनात उतरविणारा त्याचा मालक. हा विषय ज्या भूमीत रुजला ती भूमी म्हणजे अमेरिकेच्या वायव्य टोकाचे अलास्का राज्य. तेव्हा बोलणेही तिथलेच होणार.

अलास्कातील फेअरबँक्स या गावी १९२२ साली कार्ल बेन आयल्सन नावाचे एक तरुण शिक्षक शाळेत शिकविण्यासाठी आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यात वैमानिकाचे शिक्षण घेतले होते आणि ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांनी फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेवर दोन-तीन आठवडे लागत, ती वाट त्यांनी सुमारे तीन तासांत ओलांडली. पुढे नोव्हेंबर १९२९ मध्ये सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकलेल्या जहाजावरील माल व माणसे आणण्यास गेले असता, त्यांचा व त्यांच्या यांत्रिकाचा वादळात अंत झाला. अलास्काच्या विमानविद्येचा इतिहास या दोन प्रसंगांत जवळजवळ सगळा येऊन जातो. जे साधले ते विलक्षण होते, आणि त्याची किंमतही रोख चुकवावी लागली.

इंग्रजीत ‘बुश’ म्हणजे रस्ता, गाव, शेत यांपैकी काहीच नसलेला मुलूख. मराठीत ‘रान’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. परंतु आपल्या रानात निदान पाऊलवाट असते. अलास्कातील बहुसंख्य वस्त्या आजही राज्याच्या रस्त्यांना जोडलेल्या नाहीत. तेथे नदीकाठचा वाळूचा पट्टा, डोंगराची बोडकी सोंड, गोठलेले तळे हीच धावपट्टी. अशा ठिकाणी जे विमान टिकले त्याची दोन मोठी चाके पुढे, पंखांखाली असतात, आणि तिसरे चिमुकले चाक शेपटीखाली. जमिनीवर ते नाक वर करून बसते. चालकाला समोरचे काही दिसत नाही, म्हणून तो नागमोडी वळणे घेत, एकदा या कडेने एकदा त्या कडेने डोकावत ते चालवतो.

या रचनेत एक उपजत दोष आहे. विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे पडतो. बैल जुंपलेली गाडी सरळ चालते. तीच गाडी मागे रेटू लागले की क्षणात आडवी होते. शेपटीकडे चाक असलेले विमान उतरताना त्या मागे रेटलेल्या गाडीसारखे वागते. शेपूट किंचित बाजूला सरकली की मागचे वजन तिला आणखी ढकलते, आणि चालकाने पायांनी सुकाणू सावरले नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते. पंखाचे टोक जमिनीला लागते, चाकाचा पाय मोडतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे असल्याने ते आपोआप सरळ होऊ पाहते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जगाने नाकाकडचे चाक स्वीकारले. भारतातील जुन्या वैमानिकांना हे सांगावे लागत नाही. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले ‘पुष्पक’ १९५८ साली प्रथम उडाले, ते एरोंका चीफ या अमेरिकन विमानाच्या धर्तीवरचे, शेपटीकडच्या चाकाचेच होते. फ्लाइंग क्लबांतल्या कितीतरी मुलांनी पहिले धडे त्यावर गिरविले. नाव कुबेराच्या विमानाचे; पण हे पुष्पक मनाच्या वेगाने नव्हे, पायांच्या इमानाने चालत असे.

मग अलास्काने जुने चाक का सोडले नाही? तर गोट्यांच्या पात्रात नाकाकडचे चाक प्रथम मोडते, आणि त्याबरोबर पंखाही. शेपटीवर बसलेल्या विमानाचा पंखा जमिनीपासून उंच राहतो. पुढच्या चाकांना ३१ इंच किंवा त्याहून मोठे, फुग्यासारखे मऊ टायर बसविता येतात, हिवाळ्यात त्यांच्या जागी स्की, उन्हाळ्यात पाण्यावर तरंगणारे फ्लोट. शिवाय वजन कमी.

या जातीतले सर्वांत प्रिय विमान म्हणजे पायपर कंपनीचे ‘सुपर कब’. पेन्सिल्व्हेनियातील लॉक हेवन येथे, एकेकाळच्या रेशीम गिरणीत थाटलेल्या कारखान्यात ते १९४९ पासून तयार होऊ लागले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, पुढे-मागे दोन बैठका आणि पुढे दीडशे अश्वशक्तीपर्यंतचे एंजिन. रिकामे असता वजन सुमारे हजार पौंड, भरल्यावर कमाल १७५०. पंखांच्या मागच्या झडपा खाली केल्या की ताशी ४३ मैलांच्या आसपास येईपर्यंत ते हवेत तग धरते. एवढ्या संथ गतीमुळेच ते चार पावलांच्या जागेत उतरू शकते. थोरले भावंड म्हणावे ते कॅनडाचे ‘बीव्हर’. ते १९४७ साली टोरांटोजवळ प्रथम उडाले. थंडीत उडत असतानाही एंजिनात तेल घालता यावे म्हणून त्याच्या तेलाच्या टाकीचे तोंड थेट चालकाच्या कक्षात ठेवलेले आहे.

असे विमान विकत घेणे ही गोष्ट सोपी; मालकी त्यानंतर सुरू होते. सरकारी नियमाप्रमाणे वर्षातून एकदा अधिकृत तपासनीसाकडून त्याचे अंगप्रत्यंग तपासून घ्यावे लागते. पूर्वी पंखांवर सुती कापड असे. उन्हापावसाने ते कुजे, आणि त्याची ताकद दाबयंत्राने टोचून पाहिली जाई. आता पॉलिएस्टर कापड आले, ते फार वर्षे टिकते. पण केव्हातरी सगळे कापड उतरवून नवे चढवावेच लागते. जुन्या ग्रंथाची शिवण उसवून नवी बांधणी करणाऱ्या बाइंडराला हे काम लगेच समजेल. कापड उतरले म्हणजे आतले सत्य दिसते : नळीच्या खालच्या टोकाशी साचलेल्या ओलीने आतून धरलेला गंज, घासलेली तार, कोणा आधीच्या मालकाने लपवून जोडलेला सांधा. नळी कापून नवी जोडतात, पंखाच्या फासळ्या बदलतात. चाळीस-पन्नास वर्षांत मूळ विमानाचे फारसे काही उरत नाही. तरी नोंदवही तीच, क्रमांक तोच, आणि मालक अभिमानाने सांगतो की हे १९५६ सालचे आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यावर अवश्य वाद घालावा. मालकाला तेवढी सवड नसते.

हिवाळा ही दुसरी परीक्षा. जुने वैमानिक रात्री मुक्कामाला उतरले की एंजिनातले गरम तेल डब्यात काढून झोपडीत नेत, चुलीशी ठेवत, आणि सकाळी एंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकून खाली शेगडी पेटवून ते उबवत. मग तेल ओतायचे आणि निघायचे. स्कीच्या खाली झाडाच्या फांद्या घालायच्या, नाहीतर त्या रात्रीत बर्फाला चिकटून बसतात. पंखावर कागदाच्या जाडीचे दंव साचले तरी ते शेवटच्या कणापर्यंत झाडायचे, कारण त्या पातळ थराने पंखाची उचल हरपते. उन्हाळ्यात अस्वल. विमानात मासळीचा वास राहिला तर ते कापड फाडून आत शिरते. नदीकाठी चिकटपट्टीने ठिगळे लावून घरी परतलेली विमाने अलास्कात नवलाची नाहीत.

राज्याचा कायदाही या भूमीला साजेसा आहे. विमानात प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल एवढे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, मासे पकडण्याचे साहित्य, सुरी, आग पेटविण्याचे साधन असलेच पाहिजे, असा नियम कित्येक वर्षे होता. हिवाळ्यात बर्फावर चालण्याचे जोडे आणि लोकरी पांघरूणही. विमान बिघडेल, मदत लगेच येणार नाही, हे कायद्याने गृहीत धरले आहे.

आणि ते तसे होतेही. संथपणा हाच या विमानाचा गुण, आणि त्यातच त्याचा घात दडलेला असतो. खाली मूस नावाचे प्रचंड सांबर दिसते. चालक ते पाहण्यासाठी त्याच्याभोवती घिरट्या घालतो, मान खाली, वळण आवळत जाते, वेग उतरतो, आणि पंखाची उचल अकस्मात नाहीशी होते. सावरायला खाली उंचीच नसते. या मृत्यूला तिकडे त्या प्राण्याचेच नाव पडले आहे. अपघातांविषयी बोलताना वादळ आणि पर्वत यांनाच दोष देण्याची रीत आहे. कुतूहलाला मात्र कोणी आरोपी करीत नाही.

याच विमानाने काय साधले तेही पाहावे. अलास्का विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष टेरिस मूर हे गिर्यारोहक होते. चीनमधील मिन्या कोंका शिखर त्यांनी १९३२ साली सर केले होते. १९५१ मध्ये त्यांनी सुपर कबला स्की लावून गिर्यारोहक ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांना देनाली म्हणजेच मॅकिन्ली पर्वताच्या काहिल्टना हिमनदीवर उतरविले. त्या जुलैत वॉशबर्न यांची तुकडी पश्चिमेच्या नव्या मार्गाने शिखरावर पोहोचली. आज बहुतेक गिर्यारोहक त्याच मार्गाने जातात. विद्यापीठाचा अध्यक्ष स्वतःच्या हातांनी हिमनदीवर विमान टेकवतो, हे चित्र शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्यांना अंमळ अस्वस्थ करणारे आहे. १९६० च्या मे महिन्यात त्याच पर्वतावर सुमारे १४,३०० फुटांवर एक गिर्यारोहक महिला विरळ हवेने मरणासन्न झाली. टॉकीटना गावचे डॉन शेल्डन यांनी आपले सुपर कब तेथे उतरविले. तेवढ्या उंचीवर एंजिनाची ताकद निम्म्याच्या आसपास येते. उतरायचे चढावर आणि उडायचे उतारावर, फेरविचाराला जागा नाही. शेल्डन यांनी तिला सुखरूप खाली आणले. विमानावर त्यांचे हात बसले होते ते असे, की स्की बर्फाला लागताना काय सांगते ते त्यांना पायांच्या तळव्यांतून कळत असे.

पायपरने सुपर कबचे उत्पादन १९९४ मध्ये कायमचे थांबविले. परंतु वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे १९८० पासून जुने सुपर कब नव्याने बांधणारा एक कारखाना होता. तो पुढे त्याच घडणीची स्वतःची विमाने करू लागला. कापड तसेच, काही भाग कार्बनच्या धाग्यांचे, एंजिन अधिक दमाचे. २०१९ साली त्याच कारखान्याने नाकाकडे चाक असलेला एक नमुना लोकांसमोर ठेवला. जुन्या मंडळींनी नाके मुरडली, शिकाऊ मंडळी खूश झाली. ते चाक काढून पुन्हा शेपटीकडे बसविता येईल, एवढी सोय मात्र कारखान्याने राखून ठेवली आहे.