सह्याद्रीच्या आडवाटा आणि वाटाड्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



या हॉलमध्ये पंचवीस वर्षांत पाणी, पार्किंग आणि गच्चीची गळती यांवर भरपूर भाषणं झाली. सचिवांनी मला सांगितलं, "काका, डोंगरावर बोला, पण किल्ल्यांचा इतिहास नको, तो सगळ्यांना पाठ आहे." बरं झालं. मलाही किल्ल्यांवर बोलायचं नाही. दोन किल्ल्यांच्या मध्ये जे असतं, त्यावर बोलायचंय.

निमित्त सांगतो. गणपतीत आपल्या बी विंगमधल्या एका चिरंजीवांनी मला मोबाईल दाखवला. त्यात तोरण्यापासून रायगडापर्यंत एक लाल रेघ होती. म्हणाले, "काका, ट्रॅक डाउनलोड केलाय. डिसेंबरात सहाजण जातोय. गाईड कशाला लागतो आता?" प्रश्न प्रामाणिक होता. तेव्हा आरती चालू होती, म्हणून उत्तर राहिलं. ते आज देतो.

आधी ही वाट म्हणजे काय ते बघू. सिंहगडाला किंवा राजगडाला जाताना जी वाट असते, ती रुळलेली. शनिवार-रविवारी तिथे ताक, लिंबूसरबत, कांदाभजी सगळं मिळतं. चुकलात तरी पुढच्या वळणावर कोणीतरी भेटतं. आडवाटेवर तसं नसतं. वेल्ह्याहून तोरणा चढायचा, बुधला माचीवरून पश्चिमेला उतरायचं, डोंगररांगा पार करत घाटमाथ्यावरच्या मोहरी गावात मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरायचं, लिंगाण्याच्या खिंडीतून लिंगाणामाची, मग पाने गाव, काळ नदी ओलांडायची आणि रायगड चढायचा. पाठीवर दोन रात्रींचं बिऱ्हाड. मोहरी सोडल्यावर नाळ उतरेपर्यंत बहुतेक वेळा माणूस दिसत नाही.

नाळ हा शब्द मुलांसाठी सांगतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोकणाच्या बाजूला तो भिंतीसारखा तुटलेला आहे. या भिंतीत जिथे खडक कमजोर, तिथे पाण्याने कोरून अरुंद, उभी घळ तयार केली. ती नाळ. दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये फ्रीजएवढे, काही ठिकाणी रिक्षाएवढे धोंडे. पावसाळ्यात हाच पाण्याचा रस्ता, म्हणून पावसात नाळेत कोणी शहाणा माणूस उतरत नाही. मोहरीच्या माथ्यापासून कोकणातल्या गावापर्यंत दोन हजार फुटांहून जास्त उतार आहे. गुडघे दुखणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या वाटा ट्रेकिंगसाठी कोणी शोधलेल्या नाहीत. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी शिलालेख आहे, जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. म्हणजे दोन हजार वर्षं माणसं माल घेऊन हे कडे चढत-उतरत आली. नाणेघाट मोठा म्हणून नावाजला. त्याच्या दक्षिणेला आणि उत्तरेला अशा लहान वाटा कितीतरी आहेत: मढे घाट, उपांड्या, शेवत्या, सिंगापूर नाळ, आग्या नाळ, हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याहून येणारी नळीची वाट. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरचं धान्य खाली जायचं. मुली खाली दिल्या जायच्या, वर आणल्या जायच्या. बाळंतपणाला माहेरी जायचं तर हीच वाट, पोटुशी बाईसुद्धा उतरायची. आपण हेल्मेट घालून फोटो काढतो ते याच ठिकाणी. असो.

आता मोबाईलच्या रेघेबद्दल. मी काही मोबाईलचा शत्रू नाही. माझ्याकडेही ट्रॅक असतो आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशाही असतो. पण तो नकाशा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते ओळखायला हवं. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरवर असतात. आपली इमारत सात मजली, म्हणजे साधारण तेवढीच. दोन रेषांच्या मध्ये पाच मजले उंच सरळ कातळ असला तरी नकाशात तो वेगळा दिसणार नाही, नुसता तीव्र उतार दिसेल. दुसरं म्हणजे नाळेत दोन्ही बाजूंना कडे असतात, वर आकाशाची पट्टी उरते. उपग्रहाचे सिग्नल कड्यांवर आपटून येतात आणि मोबाईलमधला निळा ठिपका पन्नास-साठ पावलं इकडेतिकडे सरकतो. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. बोराट्याच्या नाळेत बिघडतं, कारण ती नाळ बरीचशी उतरल्यावर एका ठरावीक जागी सोडावी लागते आणि कड्याला बिलगून आडवं जावं लागतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, पायाखाली घसारा. ती जागा हुकली की माणूस नाळेने खालीच जात राहतो. खाली जाणं सोपं वाटतं हाच त्यातला धोका. बसून, घसरून एखादा टप्पा उतरता येतो, पण तोच परत चढता येत नाही. पुढे कातळ तुटलेला निघाला तर वर जाता येत नाही आणि खालीही.

आणि रेघ कोणाची आहे? कोणीतरी कुठल्यातरी वर्षी, बहुधा गवत जळून गेल्यावर फेब्रुवारीत चाललेला. तुम्ही डिसेंबरात जाताय. तेव्हा गवत कमरेएवढं आणि कारवी डोक्याच्या वर. रेघेवर उभं राहूनही वाट दिसत नाही.

वाटाड्याला ती कशी दिसते, हे मी बरीच वर्षं बघत आलोय. आपल्या संस्थेत सुरुवातीच्या काळात रात्रपाळीला जे वॉचमन मामा होते, ते वेल्हे तालुक्यातले. जुन्या सभासदांना आठवत असतील. गेट उघडायला उशीर झाला म्हणून आपण त्यांच्यावर ओरडायचो. त्यांच्याच ओळखीने मोहरीकडच्या एका मामांकडे मी पहिल्यांदा गेलो. पुढे दरवेळी त्यांच्याचबरोबर.

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की डोंगरातल्या पाऊलवाटा खूप असतात पण त्या आपल्यासाठी नसतात. ढोरवाट गवताकडे जाते आणि गवत संपलं की संपते. मोळीवाल्यांची वाट सरपणापर्यंत. मधवाल्याची वाट तर कड्याच्या टोकावर जाऊन थांबते, कारण त्याला तिथून दोराने खाली उतरायचं असतं. अनोळखी माणूस ठळक वाट दिसली की खूश होतो. मामा ठळक वाट दिसली की आधी खाली बघतात. शेण ताजं आहे का, नुसतं गुरांचं आहे की माणसाच्या पायाने माती दबलीय, फांदीवर कोयत्याचा घाव कोणत्या उंचीवर आहे. डोक्यावर भारा घेऊन जाणारा माणूस डोक्याच्या वरच्या फांद्या तोडत जातो, गुरं तशी तोडत नाहीत. कातळावर शेकडो वर्षं पाय पडून जागा गुळगुळीत झालेली असते, तिच्यावर तिरका उजेड पडला की ती चमकते. हे सगळं ते चालता चालता बघतात, तंबाखू मळत. मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

वेळेच्या बाबतीत मात्र त्यांचं ऐकू नका. "हे काय, दोन बिड्या ओढेस्तोवर पोचू," म्हणाले की आपण दीड तास धरावा.

आता एक प्रसंग सांगतो, मुलांसाठी नाही, पालकांसाठी. आम्ही आठजण होतो, नाळेत उतरायला सुरुवात करून तासभर झाला होता. मामा पुढे होते. एका वळणावर ते थांबले, हात वर केला. आम्ही थांबलो. कड्याच्या पोटात मोठी काळी पोळी लटकत होती, आग्या मोहोळ. ती तिथे नेहमीच असतात, मामांना माहीत होती. पण त्या दिवशी माश्यांचा आवाज वेगळा होता, असं ते म्हणाले. आम्हाला काही वेगळा वाटला नाही. एखादा ससाणा किंवा मधाडा पक्षी पोळ्याला लागला असेल, माश्या खवळल्यात, असं म्हणून ते परत फिरा म्हणाले. कोणाशी बोलायचं नाही, पळायचं नाही, एकामागे एक वर.

वर आल्यावर आमच्यातल्या दोघांनी वाद घातला. रायगडाची राहायची सोय ठरलेली, सोमवारी ऑफिस, आणि एवढं नुसत्या आवाजावरून? मामांनी वाद घातला नाही. म्हणाले, "तुमी जावा. म्या येनार न्हाई. आन् पैसं बी नको." मग कोण जातंय? त्या रात्री परत मोहरीत मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पहाटे सिंगापूर नाळेने दापोलीकडे उतरलो. ही दापोली म्हणजे लिंगाण्याजवळचं खेडं, समुद्राजवळची नव्हे. रायगड राहिला. त्या नाळेत पुढे गेलो असतो तर काय झालं असतं, मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. उभ्या धोंड्यांमध्ये आग्या माश्या लागल्या तर माणूस पळणार कुठे, एवढं मात्र कळतं.

मोबाईलमधली रेघ कधी "परत फिरा" म्हणत नाही. गाईडचे पैसे आपण वाट दाखवण्यासाठी देतो असं समजतो. माझ्या मते निम्मे पैसे या एका वाक्यासाठी असतात. म्हणून ज्या दिवशी तो परत फिरवेल त्या दिवशीचे पैसे पूर्ण द्यायचे, उलट दोनशे जास्त. नाहीतर पुढच्या वेळी तो बिचारा दबकेल, आणि दबकलेला वाटाड्या काही कामाचा नाही.

पैशांचं निघालंच आहे तर बोलतो. काही शहरी ग्रुप बसभर माणसं घेऊन येतात, माणशी चांगली रक्कम घेतात आणि गावातल्या वाटाड्याच्या हातावर उरलेसुरले ठेवतात. वर त्याच्याच पाठीवर सॅक देतात. नाव घेत नाही. पण मुलांना कोणाबरोबर पाठवताना आपण जेवण काय, टॉयलेट कुठे हे विचारतो, तसं हेही विचारा: गावातला माणूस बरोबर आहे का, किती जणांमागे किती, त्याला किती देता. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. तीही विचारा. नाळेत पंधरापेक्षा जास्त माणसं म्हणजे मला तरी जत्रा वाटते. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. दोन तुकड्या करायच्या, पहिली वळणाआड गेल्याशिवाय दुसरीने हलायचं नाही.

एक काळजी मला वाटते ती सांगतो. मोहरीकडे आता गाडीरस्ता पोचलाय, त्याचा मला आनंदच आहे, आजारी माणसाला झोळीतून न्यावं लागत नाही. पण रस्ता आला की नाळेने बाजाराला कोण जाणार? मामांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, नातू नाळ एकदाच उतरलाय. वाट चालली नाही तर तीन-चार पावसाळ्यांत कारवी ती गिळते. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' आमच्या पिढीने हातात घेऊन रांगा पालथ्या घातल्या, पुस्तकं आहेत म्हणून नावं तरी टिकली. कुठे वळायचं ते मात्र मामांच्या पायांत आहे. नातवाला त्यात चार पैसे दिसले तरच तो शिकेल. गेल्या वर्षापासून मी मामांबरोबर नातवालाही घेतो, दोघांचे वेगळे पैसे देतो. मामा कुरकुरतात, "त्याला कशाला, मी हाय की." पण पुढे त्याला चालायला लावतात आणि मागून नुसतं खाकरतात, चुकला की.

तर चिरंजीव, डिसेंबरातच जाऊ. मी मामांशी बोललोय, दोघं येतील. सहाजण तुम्ही आणि चार जागा आहेत, वय वर्षं सोळाच्या पुढे, पालकांची सही हवी. सामान दहा किलोच्या आत, त्यात पाणीच चार लिटर म्हणजे चार किलो गेले, हिशेब करून बाकीचं भरा. हेल्मेट संस्थेच्या क्रीडा निधीतून घेऊ का, ते अध्यक्षांनी बघावं. अत्तर, सेंट, बॉडी स्प्रे घरी ठेवून यायचं. तिथे गाण्याचा स्पीकर लावलेला मला चालणार नाही. आणि नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी महिनाभर जिना चढा-उतरा. लिफ्ट तशीही अधूनमधून बंद असतेच.

ज्या आई-वडिलांना काही विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. मी नकाशा आणलाय, टेबलावर पसरून ठेवतो.