वाङ्‌निश्चय : वाणी कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लग्नपत्रिकेत ‘वाङ्‌निश्चय’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. त्याच्या अर्थापाशी मात्र क्वचितच थांबतो. ‘वाक्’ म्हणजे वाणी. पुढे ‘निश्चया’तला ‘न’ आला म्हणून ‘क्’चा ‘ङ्’ झाला. वाणीने केलेला निश्चय, तो वाङ्‌निश्चय.

याच विधीचे दुसरे नाव ‘वाग्दान’. म्हणजे शब्दाने केलेले दान. जिचे असे दान झाले, ती ‘वाग्दत्ता’. या दोन नावांत मला मोठे अंतर दिसते. निश्चय दोघांना मिळून करता येतो. दान एकजण देतो, दुसरा घेतो. जी दिली जाते तिला कोणी विचारीत नाही.

मनुस्मृती सांगते की, कन्या एकदाच दिली जाते. याज्ञवल्क्यस्मृती तर दिलेली कन्या परत घेणाऱ्यास चोराचा दंड सांगते, आणि लगेच, अधिक चांगला वर आल्यास दिलेलीही परत घ्यावी, अशी सवड ठेवते! शब्द द्यायचा वडिलधाऱ्यांनी, मोडायचाही त्यांनीच. विधीतही वधूवरांचा उल्लेख परंपरेने पणजोबा, आजोबा आणि वडील यांच्या नावांनी होतो. आईआजीचे नाव तेथे येत नाही.

त्यामानाने आपली घरगुती भाषा मोकळी. सोयरीक ‘जुळते’, आणि साखरेचा पुडा हाती पडला की ‘साखरपुडा’ होतो. तिथे दानाची गोष्ट नाही.

मुलीला वाणी यायची तर आधी वय हवे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय १४ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, सप्तपदीने होणारा विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो. वाङ्‌निश्चय म्हणजे विवाह नव्हे. तोवर मुलीला ‘नको’ म्हणता येते.

कायद्याने म्हणता येते. घरात येते का? साखरपुडा मोडला की बोल मुलीलाच लागतो, आणि तो लावणाऱ्यांत आपणही असतो. त्या भीतीने कितीतरी मुली मनातले ‘नको’ गिळून बोहल्यावर चढतात.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे : सुपारी फुटण्याआधी मुलीला एकटीला जवळ बसवावे, विचारावे, आणि ती काय म्हणते ते ऐकावे. मगच तो निश्चय खरोखर वाणीचा होईल.