गोळी, भाकरी आणि श्रम

आज आम्ही एका आजाराविषयी बोलणार आहोत. एच.आय.व्ही. हे त्याचे नाव. हे नाव निघाले की माणसे माना खाली घालतात. पण मान खाली घालून आजार जात नाही.

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे ट्रकवर ड्रायव्हर झाला. त्याला हा आजार जडला. सरकारी दवाखान्यातल्या ए.आर.टी. केंद्रात त्याला गोळ्या सुरू झाल्या. वर्षभरात अंग भरले. गडी कामाला लागला. मग आठवड्याच्या बाजारात एकाने त्याला शक्तीची पावडर विकली. 'ही घ्या, आता गोळ्या नकोत,' असे सांगितले. याने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांतच खोकला लागला, ताप येऊ लागला. तपासणी केली, तर क्षय निघाला.

आमच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, "गुरुजी, पावडरीला दर महिन्याला पैसे मोजले. गोळी फुकट होती, म्हणून तिची किंमत कळली नाही."

हे असे का झाले? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. एच.आय.व्ही.चा विषाणू या राखणदारांनाच मारतो. मग क्षयासारखे रोग सहज आत शिरतात. गोळी विषाणूची वाढ रोखते. खाण्याने किंवा व्यायामाने ती रोखली जात नाही.

तुम्ही शेतकरी माणसे. गोळी म्हणजे शेताचे कुंपण. अन्न म्हणजे खतपाणी. कुंपण मोडले, तर खतपाणी घालून आणलेले पीक ढोरे खातात. कुंपण आहे पण खतपाणी नाही, तर पीक खुरटते. म्हणून दोन्ही हवीत.

सरकारने 1 एप्रिल 2004 पासून ही गोळी मोफत द्यायला सुरुवात केली. ती रोज ठरल्या वेळी घ्यायची. बरे वाटले तरी सोडायची नाही.

आता खाणे. त्याला श्रीमंती लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाणे, पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, पेरू, आवळा. चालत असेल त्याने अंडी, मासळी खावी. अंडे मात्र कच्चे नको, मांस अर्धे कच्चे नको. पाणी उकळून प्यावे. भूक मंदावली, तर थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. दारू आणि तंबाखू दूर ठेवावी.

व्यायाम म्हणजे तालीमच करावी असे नाही. रोज अर्धा तास झपझप चालावे. शेतातले काम झेपेल तेवढे करावे. त्याने हाडे आणि स्नायू बळकट राहतात, झोप लागते, मनही हलके होते. ताप असेल त्या दिवशी विसावा घ्यावा.

राहिल्या ताकदीच्या गोळ्या. अंगात रक्त कमी असेल, तर डॉक्टर लोहाची गोळी देतील. ती जरूर घ्यावी. पण आपल्या मनाने काही घेऊ नये. लोह, कॅल्शियम, पोटातल्या जळजळीचे औषध यांतली काही औषधे एच.आय.व्ही.च्या गोळीच्या आड येतात. दोन्ही एका वेळी घेतली, तर तिचा गुण कमी होतो. कोणती केव्हा घ्यायची, ते डॉक्टरांना विचारावे.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. या मुलाचे ताट प्रथम वेगळे काढले होते. बाहेरच्या पडवीत तो एकटा जेवायचा. एकट्याला घास जातो का हो? अर्धी भाकरी तशीच उरायची. बरं का मंडळी, एका पंगतीत जेवल्याने, शिवल्याने हा आजार लागत नाही. आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या शेजारी पाट मांडून जेवलो. त्यानंतर त्याचे ताट माजघरात आले.

क्षयाचे औषध त्याने पुरे केले. एच.आय.व्ही.ची गोळी पुन्हा सुरू झाली, ती आजवर चुकलेली नाही. परवा तो रस्त्यात भेटला. आम्ही विचारले, "काय रे, जेवलास का?"

तो हसून म्हणाला, "जेवलो गुरुजी. सगळ्यांबरोबर जेवलो."