रजोनिवृत्ती आणि हाडांचा जमाखर्च



संसाराचा भार वाहणारी स्त्री पन्नाशीच्या उंबरठ्याशी येते, तेव्हा तिच्या देहात मोठे स्थित्यंतर घडत असते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती बहुधा ४५ ते ५० या वयात येते. या काळातील घाम, निद्रानाश, चिडचिड घरच्यांच्या लक्षात येते. हाडांची झीज मात्र निःशब्दपणे होत राहते.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुने हाड झिजणे आणि नवे भरून येणे, हा जमाखर्च देहात अखंड चालू असतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक झीज घडविणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटते आणि खर्च जमेहून अधिक होऊ लागतो. पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता काही स्त्रियांमध्ये २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. यातूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा उद्भवतो.

मनगट, मणका आणि खुबा येथील हाडे प्रामुख्याने मोडतात. मणका तर कित्येकदा न पडताही दबतो. म्हणून उंची घटणे, पाठीस बाक येणे, किरकोळ धक्क्याने हाड मोडणे, यांकडे ‘वय झाले’ असे म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. डेक्सा तपासणीने हाडांची घनता मोजता येते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रजोनिवृत्तीनंतर स्त्रीस रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. दही, नाचणी, तीळ आणि राजगिरा यांचीही जोड द्यावी. कॅल्शियम अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. त्यासाठी अंगावर ऊन पडावे आणि ते कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. नित्य चालणे, जिना चढणे यांनी हाडांस बळ येते. संप्रेरकांचे उपचार मात्र स्वतःहून घेऊ नयेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात संयुक्त संप्रेरकांमुळे अस्थिभंग कमी झाले, तथापि स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे आढळले.

बहुतेक घरांत दूध मुलांना, वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना मिळते. गृहिणीच्या वाट्यास चहापुरतेच उरते. वर्षानुवर्षांची ही तूट उतारवयात तिच्या हाडांतून वसूल होते. खुबा मोडून ती अंथरुणास खिळली, की अवघे घर खोळंबते. तेव्हा तिच्या वाट्याचे दूध, तिचे फिरणे आणि तिची तपासणी यांची तरतूद कुटुंबाने आजच करावी, हीच नम्र विनंती.