पंगतीत पक्कड कशाला?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळी वडसा स्टेशनवर उतरलो आणि बाहेर पडताच नाटकांची पोस्टरं दिसली. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आपल्याच गावात बसतात, तेव्हा माझ्या कामाची गोष्टही तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडच्या कितीतरी संहिता, पत्रिका, अर्ज कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप झाले. त्यात 'एफ' आणि 'डी' या कळा दाबल्या की 'कि' दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरंच. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अख्खं नाटक अगम्य होतं. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा मुक्तस्रोत प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा असा, मी मित्रांसोबत सांभाळतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. अशा अदलाबदलीचा तक्ता हाच आमच्या प्रोग्रामचा जीव.

तो तक्ता एका सहकाऱ्याने दिला. फॉन्टची फाइल वाचून तक्ता काढणारी शंभरेक ओळींची स्क्रिप्ट त्याने स्वतःपुरती लिहिली होती. "हीसुद्धा प्रकल्पात ठेवू," तो म्हणाला. मी नको म्हटलं. स्वयंपाकघरातली पक्कड पंगतीत कशाला मांडायची? शिवाय ती त्याच्याच लॅपटॉपवर चालायची, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

दीड वर्षाने दुसऱ्याच एका जुन्या फॉन्टमधली नाटकं आली. तोवर त्याने लॅपटॉप विकला होता. आम्ही तिघांनी अडीच आठवडे रात्री जागून तक्ता हाताने केला. 'ऱ्य' तरीही चुकलाच.

हा पेच मोठ्यांनाही पडतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गिट'मध्ये अशा साधनांसाठी 'कॉन्ट्रिब' नावाचा वेगळा कप्पा आहे. अर्धी टाइप केलेली आज्ञा पूर्ण करून देणारी स्क्रिप्ट तिथेच राहते आणि जगभर वापरली जाते. उलट मर्क्युरियल आणि बझारशी जोडणारी साधनं २०१४ मध्ये, आवृत्ती २.० च्या वेळी, बाहेर काढली गेली. लिनक्स कर्नेलसोबत तर 'चेकपॅच' ही तपासणीची स्क्रिप्ट येतेच. नवशिक्याला पहिली बोलणी तिचीच खावी लागतात!

माझं मत बदललं, पण पूर्ण नाही. लोकांना द्यायची वस्तू ज्या स्क्रिप्टमधून तयार होते ती कितीही गबाळी असली तरी घ्यायची. प्रॉम्प्टरची वही प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून कंपनी ती घरी विसरून येत नाही. कुणाचे शॉर्टकट, कुणाच्या पडद्याचे रंग मात्र ज्याचे त्याच्याकडे राहू देत. आणि घेतलेल्या स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहायचं: कशासाठी, कशी चालवायची, शेवटची कधी चालली.

सहकाऱ्याने सवडीने ती पुन्हा लिहिली. आता ती 'साधने' कप्प्यात आहे. तुमच्या घरी जुन्या फ्लॉपीवर, सीडीवर संहिता पडल्या असतील तर जेवणानंतर मला भेटा. फॉन्टचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल, छापलेलं एखादं पान तेवढं सोबत आणा.