काट्यावर चढण्याआधी : कबड्डीची निवड चाचणी

मागच्या भागानंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "दादा, कुमार गटाची जिल्हा निवड चाचणी आलीये, वजन दोन किलो जास्त भरतंय. काय करू?" तर आज त्यावरच बोलू.

कुमार गटात मुलांना आणि मुलींना वजनाची मर्यादा असते. मग आदल्या दिवशी पाणी बंद, भर उन्हात जॅकेट घालून पळणं, थुंकून थुंकून तोंड कोरडं करणं! मी हे दरवर्षी मैदानाबाहेर बघतो. पोरगा वजनात बसतो, पण थोड्याच वेळात त्याला चढाईला जायचं असतं. घामातून गेली ती चरबी नाही, पाणी. ७० किलोच्या मुलाचं दीड किलो पाणी गेलं तरी ते शरीराच्या २ टक्क्यांहून जास्त झालं, आणि तिथून दम, पाय, डोकं सगळंच मंदावायला लागतं. १९९७ साली अमेरिकेत असंच वजन उतरवताना पाच आठवड्यांच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीगीर दगावले. विनेश फोगाटचं तर तुम्हाला माहीतच आहे. २०२४, पॅरिस, रात्रभर धडपड, तरी १०० ग्रॅम जास्त. तिच्याबरोबर निदान डॉक्टर तरी होते. तुमच्याबरोबर कोण? व्हॉट्सअॅप ग्रुप!

तारीख जाहीर व्हायची वाट बघू नका. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी वजन करा. दोन किलोला चार-पाच आठवडे द्या. वडापाव, कोल्ड्रिंक बंद. भाकरी, उसळ, डाळ, अंडी चालू. पाणी मात्र कधीच बंद नाही. आणि पाच किलो जास्त असेल तर? सरळ वरच्या गटात खेळा. कोणी काहीही म्हणो, माझं मत पक्कं आहे.

आता डोक्याचं. शेवटच्या आठवड्यात नवीन डाव शिकायला जाऊ नका. मोबाईलवर ३० सेकंदांचा टायमर लावा, मोठ्यानं दम घालत निदान रेषा ओलांडा आणि परत या. रोज दहा वेळा. छाती धडधडत असताना वेळेचा अंदाज यायला लागला की भीती आपोआप कमी होते.

निवडणारे फक्त गुण मोजतात असं समजू नका. चाचणीत बरेचदा तुम्ही आपल्याच मंडळाकडून खेळता, त्यामुळे सगळ्या चढाया स्वतःच मारायचा मोह होतो. पण कोपरा घाईनं पुढे झेपावतो का, साखळीत शेजाऱ्याचा हात सुटतो का, बाद होऊन बाहेर बसलेला साथीदारांना आवाज देतो की मान खाली घालून बसतो, हे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

पिशवी रात्रीच भरा : आधार कार्ड, जन्मदाखला, नी-कॅप, सामने मॅटवर असतील तर बूट. आणि दोन केळी, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. वजन झालं की घोटघोट प्यायचं, एकदम नाही.