सेवेची अट

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या ख्रिस्ती सेवकांविषयी आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोलले जाते. एक पक्ष त्यांच्या दवाखान्यांत आणि शाळांत धर्मांतराचा सापळा पाहतो. दुसरा पक्ष त्यांच्या त्यागाला दुरून हात जोडतो आणि पुढे जातो. प्रत्यक्ष कामाकडे पाहण्याची गरज या दोघांनाही वाटत नाही. समाजवाद्यांना मात्र ती वाटली पाहिजे. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने दिली. मतपेटीचा आपल्याला लळा लागला, तुरुंगाचा अभिमान राहिला; फावडे मात्र गंजले. ज्यांनी ते हातातून सोडले नाही, त्यांचे काम तपासून घेणे हे आपल्याच हिताचे आहे.

तपासायचे कसे? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. सेवा करणारा मोबदल्यात काय मागतो? आपले ज्ञान तो स्वतःपाशी ठेवतो की वाटून टाकतो? आणि त्याच्या कामाने गावातील सत्तेची मांडणी हलते, की आहे तशीच राहते?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास याच पुणे शहरात आहे. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला व पुढे त्याचा आश्रम पुण्यात आला. इंग्रज आणि हिंदी सभासदांनी एकत्र, सारख्याच साधेपणाने राहावे, ही त्यामागची कल्पना. १९२७ मध्ये ऑक्सफर्डचा एक तरुण विद्वान, व्हेरिअर एल्विन, या संघात दाखल झाला. साबरमतीला गांधीजींना भेटल्यावर त्याची सहानुभूती उघडपणे स्वातंत्र्याच्या चळवळीकडे वळली. १९३२ च्या प्रारंभी तो आणि संघातील त्याचे मराठी सहकारी शामराव हिवाळे मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात करंजिया येथे गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिले. तेथे त्यांनी दवाखाना चालवला, शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. धर्मांतराचे काम मात्र करणार नाही, असे एल्विनने ठरवले. बिशपने परवाना देताना निष्ठेची अट घातली, तेव्हा त्याने ती नाकारली आणि १९३५ मध्ये चर्चशी असलेले नाते तोडले. पुढे १९५४ मध्ये तो भारताचा नागरिक झाला. सेवेला अट घालणारी संस्था आणि अट नाकारणारा सेवक यांच्यातील हा झगडा ख्रिस्ती समाजाच्या आतच झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाहेरून सरसकट आरोप करणाऱ्यांना तो ठाऊक नसतो.

याची दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार व मांग समाजातील पुष्कळ कुटुंबे चर्चमध्ये गेली. भाकरीसाठी गेली, असे हेटाळणीने म्हटले जाते. परंतु ज्या गावाने त्यांना पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्या गावाला हा हिशेब विचारण्याचा अधिकार कोठून आला? माणसे भाकरीसाठी जातात, तशी मानासाठीही जातात. चर्चमध्ये गेल्याने जात सुटली असेही झाले नाही; आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची चौकट अशी की, दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेरच राहिले. अस्पृश्यता सोबत आली. तिच्यावरचे संरक्षण मागे राहिले.

आता दुसरा प्रश्न, ज्ञानाचा. आज गावोगाव दिसणारा लोखंडी हापसा आपण सरकारी वस्तू समजतो. त्याचे मूळ बऱ्याच अंशी जालना, वडाळा आणि सोलापूर येथील मिशनच्या कामात आहे. मराठवाडा आणि नगर-सोलापूरचा भाग काळ्या कातळावर वसलेला. पहारीने आणि सुरुंगाने खोदलेली विहीर उन्हाळ्यात आटते. कातळाच्या भेगांतले पाणी त्याहून खाली असते. साठीच्या दशकात जालन्यास चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने हवेच्या दाबावर चालणारी छिद्रणयंत्रे आणून विंधणविहिरी घेण्यास सुरुवात केली. मग खरी अडचण उभी राहिली ती पंपाची. तेव्हाचे बिडाचे पंप परदेशांतील घरगुती पंपांच्या नमुन्यावर बनलेले होते. एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या भराव्यात, एवढीच त्यांची कुवत. त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सबंध गाव तुटून पडे. सांधे झिजत, दांडा मोडत असे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा देशातील बहुसंख्य हापसे बंद पडलेले आढळले.

मिशनच्या कार्यशाळांतील माणसांनी यावर साधा तोडगा काढला. बिडाऐवजी पोलाद घेतले, अनेक सांध्यांऐवजी एकच मजबूत आस ठेवला आणि दांड्याला साखळी जोडली, म्हणजे आतली सळई सरळ वरखाली होईल. सोलापूरच्या पंपात ही रचना सर्वांत पक्की झाली. तिच्याच आधारावर भारत सरकार आणि युनिसेफ यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. त्याची रचना कोणाच्या खासगी मालकीची राहिली नाही. कोणत्याही कारखान्याने ठरलेल्या मापाने तो बनवावा, अशी मोकळीक होती. म्हणूनच तो देशभर आणि पुढे आफ्रिकेतही लाखोंच्या संख्येने पोहोचला. या हापशावर क्रूस नाही आणि पाणी भरणाऱ्या बाईला तिचा धर्म कोणी विचारत नाही. वाटून टाकलेले ज्ञान असे निनावी होते.

आणि तरीही मित्रहो, तिसरा प्रश्न उरतोच. १९७२ च्या दुष्काळाच्या काळातच बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम महाराष्ट्रात फिरवली. गावात पाणी असूनही ते दलिताला वर्ज्य आहे, हे तिने चव्हाट्यावर आणले. दलितवस्तीत वेगळा हापसा बसवला की तहान भागते; पण गावची विहीर बाटण्याचा प्रश्न न सुटता केवळ टळतो. सेवेने शिवाशिवीला असे सोयीस्कर करून देऊ नये.

या कोड्याचे एक उत्तर जामखेडने दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना, बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी पाहिले. रोग गावात आणि औषध रुग्णालयात, ही मांडणीच चुकीची आहे, असा निष्कर्ष काढून १९७० मध्ये ते जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात गेले. दुष्काळात विंधणविहिरी घेण्याची वेळ आली, तेव्हा त्या दलितवस्तीत घेण्याची त्यांनी योजना केली. तहानलेल्या सवर्णांना हंडा घेऊन तिकडेच जाणे भाग पडले. एकही व्याख्यान न देता पाणवठा एक झाला.

त्यांचे मोठे काम मात्र पाण्याहून खोल गेले. गावाने निवडून दिलेल्या, बहुधा निरक्षर, अनेकदा दलित अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपण स्वच्छ कसे करावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. ज्या बाईला उंबऱ्याबाहेर थांबवले जाई, तिलाच बाळंतिणीच्या खोलीत बोलावणे येऊ लागले. आरंभी दर हजारी दीडशेच्या वर असलेले बालमृत्यूचे प्रमाण प्रकल्पाच्या गावांत नव्वदीच्या दशकापर्यंत तिसांच्या आत आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट ही की, डॉक्टरांची मक्तेदारी मोडून ते ज्ञान गावच्या स्त्रियांकडे गेले.

मग सारे प्रश्न सेवेवर सोपवून आपण मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. ज्या यंत्रांनी गावाचे पिण्याचे पाणी काढले, त्याच जातीच्या यंत्रांनी पुढे बड्या बागायतदारांनी शेकडो फूट खोल बोअर मारले. उसाच्या फडात पाणी खळखळले आणि हापसा कोरडा पडला. तो दुरुस्त करून भागत नाही, कारण बिघाड पंपात नसून मालकीत आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मोर्चांनी हक्काचा प्रश्न लावून धरला, म्हणून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. कोणत्याही मिशनला तो देता आला नसता.

आणि सेवक जेव्हा दुखण्याच्या मुळाशी जातो, तेव्हा त्याचे काय होते, हेही आपण पाहिले आहे. फादर स्टॅन स्वामी हे झारखंडमधील आदिवासींच्या जमिनीचे आणि तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांचे प्रश्न मांडणारे जेझुइट धर्मगुरू. ज्या खटल्याचा आरंभ आपल्या पुण्यात झाला, त्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळी मिळावी, एवढ्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभाही राहण्यापूर्वी, कच्चे कैदी म्हणूनच ते मरण पावले. जखम बांधणारा सर्वांना चालतो. जखम कोणी केली, असे विचारणारा चालत नाही.

आपले काम नेमके येथे सुरू होते. फावडे आणि तुरुंग ही वेगवेगळ्या माणसांची साधने नव्हेत. आपल्या प्रत्येक तालुक्यात हापसा उघडून दुरुस्त करता येणारे, गावातील विहिरी आणि बोअर यांची पाण्याची पातळी मोजून नोंदवणारे कार्यकर्ते हवेत. आणि तीच नोंद घेऊन त्यांनी ग्रामसभेत उभे राहावे. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देणारा भूजल कायदा राज्यात २०१४ पासून लागू आहे. तो कागदावरून विहिरीपर्यंत आणणे हे फावड्याचेही काम आहे आणि मोर्चाचेही. ज्यांच्या श्रद्धेशी आपला मतभेद असेल, त्यांच्याकडून चिकाटी शिकण्यात कमीपणा नाही. त्यांना आपण एकच अट घालावी आणि तीच स्वतःलाही घालावी : ज्याची सेवा केली, तो उद्या आपल्यावाचून उभा राहिला पाहिजे.